बॉसला कळलं मी दुसरीकडे इंटरव्ह्यू दिलाय, शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलंय, काय बोलू?

चाकणचा_क्वालिटीवाला (बुधवार रात्री)

नमस्कार मंडळी, असलं काही पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सिनियर इंजिनियर, ४ वर्षं ७ महिने झाले. हातात ३८ हजार येतात, चिखलीला वन बीएचके घेतलाय त्याचा हप्ता साडेएकोणीस, मुलगी ३ वर्षांची. दोन वर्षं इन्क्रिमेंट नावालाच झालं आणि कस्टमरच्या लाइनवर रिजेक्शन निघालं की गुरुवार असो रविवार असो पोरं घेऊन सॉर्टिंगला, म्हणजे खराब पार्ट वेगळे काढायला, मीच पळायचं, रात्री ११ ला घरी, मुलगी झोपलेली. म्हणून दिवाळीनंतर नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केलं आणि रांजणगावच्या एका कंपनीतून कॉल आला. सप्लायर क्वालिटीची पोस्ट आहे, म्हणजे माल पुरवणाऱ्या कंपन्यांची क्वालिटी बघायची, पैसे बरे आहेत पण खरं सांगायचं तर मला ते काम हवंय.

गेल्या सोमवारी हाफ डे टाकून पहिला राऊंड दिला. सरांना म्हणालो मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय.

आज सकाळच्या मीटिंगला प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर सगळे उभे असताना सर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, मुलगी बरी आहे ना आता? आणि रांजणगावचा रस्ता कसा आहे सध्या?" हातपायच गार पडले माझे. नंतर कळलं की तिथला प्लांट हेड आणि आमचे सर वीसेक वर्षांपूर्वी भोसरीत एकाच कंपनीत होते, अजून फोन चालू असतात. मीटिंग संपल्यावर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी ये, बोलू." उद्या गुरुवार, आमच्या पट्ट्यातली सुट्टी, म्हणजे अख्खा दिवस घरात बसून हेच डोक्यात.

सर वाईट नाहीत हो. सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन) मला त्यांनीच शिकवलं, माझ्या लग्नाला संगमनेरला स्वतः गाडी काढून आले होते, वडिलांच्या ऑपरेशनला एक प्रश्न न विचारता १५ दिवस सोडलं. म्हणून जास्त खातंय. नाहीच म्हणू का सरळ? की सांगून टाकू? ऑफर हातात नाही, दुसरा राऊंड बाकी आहे. पुढच्या महिन्यात आयएटीएफचं (ऑटो कंपन्यांच्या क्वालिटी स्टँडर्डचं) ऑडिट आहे आणि अर्धी डॉक्युमेंट्स माझ्याकडे. शिवाय गेल्या वर्षी कंपनीनं ऑडिटरच्या ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा ७५ हजारांचा बाँड लिहून घेतलाय, २ वर्षांचा, त्यातले १३ महिने झालेत. नोटीस ६० दिवस. बायको म्हणते खरं सांग, रूमवरचा जुना मित्र म्हणतो शेवटपर्यंत नाही म्हण. मला झोप नाही.


हिंजवडी_फेज२

भावा कबूल करू नको, माझं ऐक. मी सांगितलं होतं लीडला, चांगला माणूस होता, एकत्र जेवायचो रोज, म्हटलं याच्यापासून काय लपवायचं. तीन आठवड्यांत प्रोजेक्टवरून काढलं, बेंचवर टाकलं, म्हणजे कामाशिवाय बसवून ठेवलं, आणि ज्या कंपनीची ऑफर येणार होती तिथे हायरिंग फ्रीझ झालं. चार महिने काय काढलेत ते माझं मला माहीत. ऑफर लेटर मेलवर येईपर्यंत तू कुठेच जात नाहीयेस असं समज आणि तसंच बोल. कोणीतरी ओळखीच्यानं बोलावलं होतं म्हणून भेटून आलो म्हण आणि विषय संपव.


भोसरी_३४वर्षं

बाळा, मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे. भोसरी आणि चाकण मिळून ३४ वर्षं काढली, शेवटची ११ क्वालिटी हेड म्हणून, २०१९ ला रिटायर झालो. तुझ्या सरांच्या जागी मी किमान सहा-सात वेळा बसलोय म्हणून सांगतो.

वरच्या मुलानं जे भोगलं ते खरंच आहे, त्याला खोटं म्हणत नाही. पण तुझ्या केसमध्ये नाही म्हणायची वेळ निघून गेलीय. सरांना सगळं ठाऊक आहे, प्लांट हेडनं नाव घेऊन सांगितलंय, आता तू समोर बसून नाही म्हणालास तर तुझं हे दुसरं खोटं होईल. पहिलं त्यांनी मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोलून दाखवलं ना? नीट बघ ते काय बोलले. आधी मुलीचं विचारलं, रांजणगाव नंतर. त्यांना लागलंय ते मुलीचं नाव पुढे केलंस ते. तुझ्या लग्नात जेवलेला माणूस आहे तो, तिला ताप असेल म्हणून काळजी केली असेल त्यानं सोमवारी.

माझ्याकडे एक मुलगा होता, गेज रूमला, म्हणजे मापाची साधनं असतात तिथे, फार हुशार. तो बाहेर बघतोय हे मला कँटीनमध्ये कळलं. मी काय करायला हवं होतं आणि काय केलं बघ. मी त्याच्याकडून कस्टमरचं काम काढून घेतलं, मीटिंगला बोलावणं बंद केलं, आठ दिवस बोललो नाही. राग होता, दुसरं काही नाही. तो महिन्याभरात गेला आणि जाताना हँडओव्हर नीट झाला नाही, पुढे दोन कम्प्लेंटना आम्हाला जुना डेटाच सापडेना. नुकसान माझंच झालं, आणि त्या मुलाशी संबंध तुटले ते तुटलेच. आजही वाटतं की तो आधी येऊन पाच मिनिटं बोलला असता, किंवा मीच त्याला बोलावलं असतं, तर वेगळं झालं असतं. तुझ्या सरांनी तुला बोलावलंय, ही चांगली खूण आहे.

हेडच्या डोक्यात त्या वेळी एकच चालू असतं, हा ऑडिटच्या तोंडावर मला सोडून जाणार का. पगार, निष्ठा वगैरे नंतर. त्याचं उत्तर तू आधी दे. शुक्रवारी त्यांच्या बोलावण्याची वाट बघू नको, सकाळच्या मीटिंगच्या आधी जा, पावणेआठला ते येत असतील तेव्हाच. डॉक्टरचं खोटं बोललो त्याची माफी माग, मनापासून. नोकरी बघतोय याची माफी मागू नको, त्यात गुन्हा काही नाही. का बघतोय ते दोन वाक्यांत सांग, सॉर्टिंगचे गुरुवार आणि तुला कुठलं काम करायचंय ते. अमुक तमुकला किती पगार आहे असलं तोंडातून काढू नको. आणि कुठे, किती पैसे, कुठवर आलंय, हे विचारलं तर "अजून काही ठरलेलं नाही सर" एवढंच, कारण ते खरंच आहे.

व्हॉट्सअॅपवर आज रात्री लांबलचक मेसेज पाठवायचा मोह होईल. पाठवू नको. झोप जमेल तेवढी.


सातपूरची_एचआर

काकांनी बोलायचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. नाशिकला मॅन्युफॅक्चरिंगमध्येच एचआरला आहे १४ वर्षं, असे शुक्रवार मी पुष्कळ पाहिलेत.

पहिली गोष्ट म्हणजे केबिनमध्ये काहीही झालं तरी राजीनामा लिहून देऊ नका. बहुतेक वेळा होतं काय, वातावरण तापतं, समोरचा म्हणतो एवढंच असेल तर टाक पेपर, आणि माणूस स्वाभिमानाच्या भरात तिथल्या तिथे मेल टाकून मोकळा होतो. मग एचआर म्हणून आमच्याकडे तो स्वखुशीचा राजीनामाच असतो, कोण काय बोललं ते कुठेच लिहिलेलं नसतं. इंटरव्ह्यू दिला म्हणजे नोकरी सोडली असं होत नाही. कंपनीला काढायचंच असेल तर तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये त्यांच्याही बाजूची नोटीस लिहिलेली असणार, आज रात्रीच ते लेटर काढा, कपाटात असेल, वाचून ठेवा. बाँडचा कागद पण. आणि ते दोन्ही स्वतःच्या मेलवर ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.

दुसरं, जे तुम्ही लिहिलंच नाहीत आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ४ वर्षं ७ महिने म्हणालात. ग्रॅच्युइटी ५ वर्षांना लागू होते हो! हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा बेसिक २२ हजार असेल तर ५ वर्षांचे ६३ हजारांच्या वर होतात. ५ महिन्यांसाठी ते सोडणार का? पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पुरे असं मद्रास हायकोर्टानं एका केसमध्ये धरलेलं आहे, पण प्रत्येक कंपनी ते ऐकतेच असं नाही, काही एचआर सरळ नाही म्हणतात आणि मग तुम्ही लेबर ऑफिसच्या चकरा मारा. त्यापेक्षा ५ पूर्ण करा. नोटीसचे ६० दिवस सर्व्हिसमध्येच धरले जातात, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्षात आणखी तीन महिने राजीनामा लांबवायचाय बस. दुसरा राऊंड, मग एचआर राऊंड, मग ऑफर, यातच महिना दीड महिना जातो. रांजणगाववाल्यांशी जॉइनिंग डेट बोलून घ्या, ऑडिट संपवून येतो म्हणालात तर चांगली कंपनी वाईट मानत नाही, उलट त्यांनाही कळतं की हा आपल्याकडूनही असा अर्ध्यात पळणार नाही.

पीएफचं टेन्शन घेऊ नका, यूएएन (पीएफचा तुमचा नंबर) तोच राहतो, ट्रान्सफर करायचा, काढायचा नाही. जुन्या कंपनीनं डेट ऑफ एग्झिट टाकायला टाळाटाळ केली तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर २ महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. रिलीव्हिंग लेटर मात्र लागतंच, त्यासाठीच शेवटपर्यंत गोडीत राहायचं.

आणि नोकरी डॉट कॉमवर कोणत्या कंपन्यांना प्रोफाइल दिसू नये ते सेट करता येतं, स्वतःची कंपनी आणि ग्रुपच्या कंपन्या टाकून ठेवा. तुमचं बिंग त्यातून फुटलं नाही हे कळलं मला, तरी.


शिरोली_फौंड्री

मी कोल्हापूरचा, शिरोलीला फौंड्रीत. एक राहिलं सगळ्यांचं. सर म्हणतील थांब, मी वर बोलतो, पैसे वाढवून देतो. माझ्या बाबतीत असंच झालतं. हातात ऑफर होती, साहेबांनी खांद्यावर हात ठेवून ६ हजार वाढवले आणि वर डेप्युटी मॅनेजर करतो म्हणाले, मी भावनेत समोरच्यांना नाही कळवलं. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू, पण डेप्युटीचं लेटर काय आलं नाही, आणि पुढच्या एप्रिलला सगळ्यांचं वाढलं तेव्हा मला सांगितलं तुमचं मधेच झालंय की. त्यात माझ्या हाताखाली एक पोरगा दिला, त्याला सगळं शिकव म्हणून. दीड वर्षानं मीच बाहेर पडलो, तेव्हा ती पहिली ऑफर नव्हती.

माझं म्हणणं थांबूच नको असं नाही. आमच्याच इथे एकजण थांबला आणि आज तो प्लांट बघतोय. पण तुला त्रास कशाचा आहे ते बघ. तुझा त्रास सॉर्टिंगचा आहे, मुलगी झोपलेली असते त्याचा आहे, तो ५ हजारांनी जात नाही. थांबायचं असेल तर सॉर्टिंगला दुसरा माणूस देणार का ते विचार, आणि जे ठरेल ते लेटरवर घे.


कल्याणचा_वकील

बाँडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लोकांत दोन टोकाच्या समजुती असतात, एक म्हणजे बाँड सही केला म्हणजे गुलामगिरी आणि दुसरी म्हणजे बाँडला कोर्टात काही किंमत नसते. दोन्ही चूक.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे नोकरी सोडल्यानंतर अमुक वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, असं लेटरमध्ये असेल तर ते सहसा टिकत नाही. पण करार चालू असतानाची बंधनं वेगळी. आमच्या कल्याणचीच केस आहे, १९६७ ची, निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग. टायर कॉर्डच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते, ५ वर्षांचा करार, ट्रेनिंग घेतलेलं, मधेच सोडून राजस्थानात कोट्याला दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेले. सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, कारण बंधन कराराच्या मुदतीतलं होतं. आणि अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, एका सरकारी बँकेच्या केसमध्ये ३ वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरायची अट सुप्रीम कोर्टानं वैध धरली.

म्हणून तुमचे ७५ हजार हवेत सोडून देऊ नका. पण कलम ७४ प्रमाणे आकडा लिहिलाय म्हणून आपोआप तेवढा पूर्ण मिळतो असंही नाही, वाजवी भरपाई, जास्तीत जास्त त्या आकड्याइतकी. २४ पैकी १३ महिने तुम्ही भरलेत, उरलेल्या ११ चा हिशोब ३४ हजारांच्या आसपास येतो. त्यावर बोलणी करा. एचआर ताई म्हणतात तसं ५ महिने आणखी थांबलात तर ते आणखी खाली येईल, ६ महिन्यांचे पावणेएकोणीस हजार. पुष्कळदा नवी कंपनी ही रक्कम भरून देते, ऑफरच्या वेळी विचारायला लाजू नका. शुक्रवारी मात्र बाँडचा विषय तुम्ही होऊन काढू नका.


चाकणचा_क्वालिटीवाला (शुक्रवार रात्री)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल दोन वेळा सगळं वाचून काढलं, बायकोलाही वाचून दाखवलं.

काकांनी सांगितलं तसं पावणेआठला गेलो. सर डबा ठेवत होते टेबलावर. मी बसलो पण नाही, उभ्यानंच म्हणालो सर मुलीला काही झालं नव्हतं, मी खोटं बोललो, चुकलो. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे मी सोमवारी संध्याकाळी मिसेसला सांगितलं तुझी मुलगी आजारी आहे म्हणून. ती म्हणत होती फोन करू का." मला तिथं रडूच येईल असं झालं. काका, तुम्ही न बघता ओळखलंत.

मग बसलो. ऑडिट होईपर्यंत आणि त्यातले पॉइंट क्लोज होईपर्यंत मी कुठे जात नाही हे मीच आधी सांगितलं. सॉर्टिंगचं सांगितलं, वर्षभरात किती गुरुवार गेले ते रजिस्टरमधून मोजून नेले होते, ३१ भरले. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि बघत बसले, त्यांना एवढे असतील असं वाटलं नव्हतं बहुतेक. पैशांचं म्हणाले की या वर्षी माझ्या हातात काही नाही, उगाच आशा लावत नाही. हे मला खरं तर बरं वाटलं. सॉर्टिंगला बाहेरची एजन्सी घ्यायचं वर बोलतो म्हणाले.

सगळं गोडगोड झालं असं नाही. निघताना म्हणाले कस्टमरच्या मेलमध्ये पुढच्या आठवड्यापासून ज्युनिअरलाही सीसीत ठेव आणि त्याला ८डी (कम्प्लेंटचं मूळ कारण शोधून रिपोर्ट करायची पद्धत) शिकव. लागलं मनाला, पण मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. आणि रांजणगावच्या प्लांट हेडशी ते काय बोलले हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

एचआर ताई, लेटर सापडलं, बेसिक साडेवीस हजार आहे. आणि नोटीस दोन्हीकडून ६० दिवस आहे.


भोसरी_३४वर्षं

३१ गुरुवार मोजून नेलेस हे फार चांगलं केलंस, मी सांगायला विसरलो होतो. ज्युनिअरला शिकवण्याचं मनाला लावून घेऊ नको, उलट जीव लावून शिकव, पुढे उद्या तू सप्लायर क्वालिटीला गेलास तर हाच मुलगा तुला समोरच्या बाजूला भेटणार आहे, चाकण-रांजणगाव केवढंसं आहे. सरांच्या मिसेसना एकदा फोन करायला सांग घरातून.


सातपूरची_एचआर

साडेवीसचे ५ वर्षांचे ५९ हजारांच्या वर होतात, लिहून ठेवा. दुसऱ्या राऊंडचं काय?


चाकणचा_क्वालिटीवाला

ताई, त्यांचा आज दुपारीच फोन आला होता, मंगळवारी या म्हणत होते. मी म्हटलं गुरुवार द्या, माझी सुट्टी असते. चालेल म्हणाले. सरांच्या घरी बायकोनं मघाशी फोन केला, अर्धा तास चालू होता.